रस्ता कोणाचा? पालखीचा तळ, नाताळचा तारा आणि सार्वजनिक जागेवरील श्रद्धेचा हक्क

१) माझे गाव नातेपुते. माळशिरस तालुक्यातले, आळंदी-पंढरपूर मार्गावरचे. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करीत धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि मुक्कामाला आमच्या गावी येते. त्या दिवशी रस्ता वाहनांचा राहत नाही, तो दिंड्यांचा होतो. लहानपणी मला वाटे की रस्ता मुळात त्यासाठीच बांधलेला आहे, उरलेले वर्षभर एस.टी. त्याचा उसना वापर करते.

२) आजचा धागा त्याच रस्त्याविषयी आहे. सार्वजनिक जागेवर धर्म दिसावा की दिसू नये? दिसावा तर कोणाचा? आणि तो दाखवण्याचा 'हक्क' म्हणजे नेमके काय? धागा लांब आहे. त्यात प्रिव्ही कौन्सिल आहे, महाडचे तळे आहे, अमेरिकेतला नाताळ आहे आणि शेवटी माझे स्पष्ट मतही आहे. मत पटले नाही तर जरूर भांडा, पण इतिहास वाचून भांडा.

३) निमित्त सांगतो. मी ज्या शिक्षणसंस्थेत शिकलो तिथे दरवर्षी प्रवेशद्वाराशी गणपती बसतो. मीही मांडव उभारला आहे, आरतीचे तबक धरले आहे. एका डिसेंबरात माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने त्याच दाराशी नाताळचा तारा आणि गव्हाणीचा छोटा देखावा चार दिवस मांडण्याची परवानगी मागितली. उत्तर आले, "संस्था धर्मनिरपेक्ष आहे, अशा गोष्टींना परवानगी देता येत नाही."

४) ती नगरकडची, घरात चार पिढ्या मराठी ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळात टाळ-मृदंगावर भजने होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि कीर्तनाचा जो मराठी साज चढवला, त्याच परंपरेतले हे घर. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सप्टेंबरात संस्था कोणत्या धर्माची असते?" त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. हा धागा म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

५) आरंभ रस्त्यापासूनच करू. मिरवणूक काढणे हा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी? वसाहतकाळात हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७७ मधील एका निकालाचा रोख असा होता की, सार्वजनिक रस्त्यावर मिरवणूक अडवली गेली, तरी स्वतःचे काही विशेष नुकसान दाखवल्याशिवाय कोणालाही दिवाणी दावा लावता येणार नाही. या विचाराचे मूळ इंग्लंडमधल्या उपद्रवविषयक कायद्यात होते.

६) मद्रासचे न्यायालय वेगळा विचार करीत होते. कोणत्याही पंथाच्या लोकांना सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेता येते. अट एवढीच की इतरांच्या नेहमीच्या वापरात अडथळा येऊ नये आणि शांतता राखण्यासाठी दंडाधिकाऱ्याने दिलेले कायदेशीर आदेश पाळले जावेत, असा मद्रासचा सूर होता. या दोन दृष्टींतला वाद अखेर लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे पोहोचला.

७) तो खटला म्हणजे मंजूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान. निकाल १९२५ च्या न्यायअहवालांत छापलेला आहे. गाव औरंगाबाद, पण आपल्याकडचे नव्हे, तेव्हाच्या संयुक्त प्रांतातले. तिथल्या शिया मुसलमानांना मोहरमची मिरवणूक सुन्नी मशिदीजवळून नेताना थांबून मातम करायचा होता. सुन्नींचा त्याला विरोध होता.

८) प्रिव्ही कौन्सिलने मुंबईचा दृष्टिकोन नाकारला आणि मद्रासचा उचलून धरला. धार्मिक मिरवणूक, तिच्यातील विधींसह, सार्वजनिक रस्त्यावरून नेण्याचा हक्क आहे. त्यावर वाहतूक आणि शांततेपुरती बंधने येऊ शकतात. आणि हा हक्क कोणी नाकारला तर दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावता येते. शंभर वर्षांपूर्वीचे हे सूत्र भारतीय न्यायालये पुढेही आधाराला घेत आली.

९) इथे क्षणभर थांबा. हमरस्त्यावरून टाळ-मृदंग वाजवत जाण्याच्या हक्काला जी कायद्याची भाषा आज लाभली आहे, ती एका शिया जमावाने मातमसाठी लढून मिळवलेली आहे. वारी त्या निकालाहून कितीतरी जुनी आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, तर आजच्या माउलींच्या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी बसवली. पण परंपरा जुनी असणे निराळे आणि तिचा हक्क न्यायालयात उभा राहणे निराळे.

१०) आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. रस्त्यावरचा देखावा केवळ भक्तीसाठीच असतो असे नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. १८९४ पासून पुण्यात गणेशोत्सवाचे सार्वजनिक रूप फोफावले. लोकमान्य टिळकांना त्यात लोकसंघटनेचे बळ दिसले. राजकीय सभेवर सरकारची नजर असे, तेव्हा मेळ्यांतून जे गायले जाई ते सभेत बोलता आले नसते. धर्माचा मांडव अशा रीतीने अभिव्यक्तीचाही मांडव झाला.

११) पण त्याच काळात मशिदीसमोरचे वाद्य हा नित्याचा तंटाही झाला. त्याआधी पुण्याच्या ताबुतांत अनेक हिंदू हौसेने सामील होत. १८९४ नंतर तो सहभाग ओसरला, आणि तो ओसरावा अशी काहींची इच्छाही होती. म्हणजे एकाच मिरवणुकीने काहींना बोलते केले आणि काहींना वेगळे पाडले. मिरवणुकीचा इतिहास लिहिताना यांतले एक पान फाडून दुसरे वाचणे हा अप्रामाणिकपणा आहे.

१२) 'सार्वजनिक' हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा अर्थ महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाद्वारे मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे म्हटले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

१३) पुढचा भाग कमी सांगितला जातो. सवर्ण मंडळी न्यायालयात गेली. तळ्याच्या वापरातून अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे, म्हणून ती हक्क ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड, १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. अशी अनादी प्रथा सिद्ध झालेली नाही, असे न्यायालय म्हणाले.

१४) 'आमची परंपरा आहे' हे वाक्य कोणी उच्चारले की मला हा निकाल आठवतो. परंपरा मला प्रिय आहे, मी वारीच्या गावचा आहे. पण सार्वजनिक जागेवर परंपरा ही स्वतःचे येणे सांगू शकते. दुसऱ्याचे न येणे सांगू शकत नाही. तळे नगरपालिकेचे, म्हणून सगळ्यांचे. १९३७ च्या निकालातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने घ्यायचा बोध माझ्या मते हाच.

१५) या लढ्याची खूण राज्यघटनेत स्पष्ट दिसते. अनुच्छेद १५(२) वाचा. राज्याच्या पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेला वाहिलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाही. विहिरीशेजारी 'रस्ते' हा शब्द बसवला आहे. घटनाकारांना ठाऊक होते की माणसाला अडवले जाते ते पाण्यावर आणि वाटेवर.

१६) आता अभिव्यक्तीकडे वळू. १९७२ चा हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त हा खटला. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ खालच्या एका नियमाने सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्यासाठी पोलिसांची पूर्वपरवानगी बंधनकारक होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की वेळ, जागा, वाहतूक यांचे नियमन जरूर करा. पण कोणाला परवानगी द्यायची आणि कोणाला नाही, हे कोणत्याही निकषाविना अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम घटनाबाह्य आहे.

१७) त्या खटल्याचा विषय धर्म नव्हता. पण माझ्या मैत्रिणीच्या अर्जाला त्यातला गाभा लागू पडतो. 'परवानगी देता येत नाही' हे उत्तर तेव्हाच न्याय्य, जेव्हा ते एखाद्या नियमातून येते आणि तो नियम सप्टेंबर व डिसेंबर या दोन्ही महिन्यांत सारखा असतो. एकाला मांडव आणि दुसऱ्याला धर्मनिरपेक्षतेचे प्रवचन, याला नियम म्हणत नाहीत, मर्जी म्हणतात.

१८) नाताळच्या देखाव्यांवरून सर्वाधिक कोर्टकज्जे अमेरिकेत झाले. १९८४ मध्ये रोड आयलंडमधील पॉटकेट शहराच्या देखाव्याचा खटला गाजला. त्यात येशूजन्माची गव्हाण होती, शेजारी सांताक्लॉजचे घर आणि रेनडिअरही. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने तो देखावा वैध ठरवला. सणाच्या एकंदर सजावटीचा तो भाग आहे, असे मानले गेले.

१९) १९८९ मध्ये पिट्सबर्गचा खटला आला. तिथे न्यायालयाच्या इमारतीच्या मुख्य जिन्यावर केवळ गव्हाण मांडलेली होती. ती अवैध ठरली. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारी ज्यूंचा १८ फुटी मनोरा नावाचा दीपवृक्ष होता. तो वैध ठरला. तेव्हा टीकाकारांनी विचारले, आता प्लास्टिकची हरणे मोजून घटना ठरवायची का? टीकेत तथ्य होते.

२०) अधिक स्वच्छ सूत्र पुढच्या खटल्यांत सापडते. १९९५ मध्ये ओहायोच्या राजधानीतील, सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी चौकात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेला क्रूस उभारायचा होता. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो हक्क मान्य केला. संघटना घृणास्पदच होती. पण चौक इतरांना खुला आहे, बोलणारा खासगी आहे आणि सरकार त्याला पाठिंबा देत नाही, एवढे पुरेसे मानले गेले.

२१) २०२२ मध्ये बोस्टनचा निकाल आला. तिथल्या नगरभवनासमोरच्या एका ध्वजस्तंभावर नागरिकांच्या संस्थांना झेंडे लावू दिले जात. १२ वर्षांत झेंडे फडकवण्याच्या २८४ कार्यक्रमांना मान्यता मिळाली. एका ख्रिस्ती संस्थेच्या झेंड्याला मात्र नकार. सर्व न्यायाधीशांनी एकमताने म्हटले की, हा स्तंभ शहराचे स्वतःचे बोलणे नव्हता, नागरिकांना दिलेले व्यासपीठ होते. म्हणून केवळ धार्मिक आहे या कारणाने एकालाच वगळता येणार नाही.

२२) म्हणजे पहिला प्रश्न असा, की बोलतो आहे कोण? सरकार की नागरिक? हा भेद समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. घराघरावर झेंडे लावणारे लोक होतेच. पण नगरपालिकेवरचा झेंडा ही स्वतः एका सार्वजनिक संस्थेची वाणी होती, म्हणून तो इंग्रजांना अधिक झोंबला. त्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन फासावर गेले.

२३) सरकारी भिंत बोलते तेव्हा ती सर्वांच्या नावाने बोलते. म्हणून तिने जपून बोलावे. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होणारी शासकीय महापूजा ही नागरिकाची अभिव्यक्ती की राज्याची? माझ्या घरी हा प्रश्न विचारला की जेवण थंड होते. मी तिचा विरोधक नाही, विठ्ठल माझाही आहे. पण नागरिकाच्या दिंडीला जी मोकळीक आहे ती राज्याला नाही, हा भेद विसरला की बाकी सगळा युक्तिवाद कोसळतो.

२४) दुसरा प्रश्न, दार सर्वांना सारखे उघडे आहे का? तिसरा, जागा काही काळापुरती हवी की कायमची? हा तिसरा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पालखी येते आणि पुढे जाते. मांडव उभा राहतो आणि उतरतो. पण रात्रीत उगवलेले पक्के बांधकाम जात नाही. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने, जागा यांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाखाली नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. चारही नावे एका ओळीत घेतली, हे त्यातले शहाणपण.

२५) तरीही सगळे इतके सरळ नसते. मुंबईत वांद्रे, गिरगाव आणि जुन्या गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस दिसतात. त्यांतले अनेक १८९६ पासूनच्या प्लेगच्या काळात, मरणाच्या भयात, लोकांनी उभारले. पुढे शहर वाढले, रस्ते रुंदावले, आणि वाडीतला क्रूस 'रस्त्यातला' ठरू लागला. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रस्त्यावरचा असाच एक जुना क्रूस महापालिकेने पाडला. तो खासगी जागेत आहे, असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. जुने आणि नवे यांत फरक करायला कागद वाचावे लागतात, बुलडोझरला ते वाचता येत नाहीत.

२६) आक्षेप येईल, "पालखीला लाखो लोक येतात, ताऱ्याला चार घरे. दोन्ही सारखे कसे?" व्यवस्था सारखी नसेलच. लाखोंसाठी पाण्याचे टँकर, दवाखाने, वळवलेली वाहतूक हवी. ताऱ्याला एक खिळा आणि विजेचे एक बटण पुरते. पण हक्क डोकी मोजून मिळत नाही. महाडला पाणी पिणाऱ्यांच्या बाजूने ना बहुमत होते, ना परंपरा.

२७) दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "मग सगळेच बंद करा. ना गणपती, ना तारा, ना इफ्तार." तर्काने हे समान आहे, मी ते नाकारत नाही. पण ज्या समाजात माणसे एकमेकांना सणांतून ओळखतात, तिथे सगळेच पुसून टाकल्याने समता येत नाही, अनोळखीपणा येतो. शिवाय 'सगळे बंद' ही घोषणा नेमकी तेव्हाच का होते, जेव्हा रांगेत नवा माणूस येऊन उभा राहतो?

२८) तेव्हा माझे मत. खुल्या सार्वजनिक जागेवर प्रत्येकाला आपली श्रद्धा मांडता यावी. त्यासाठी लेखी नियम असावा: किती दिवस, किती जागा, किती आवाज, खर्च कोणाचा. नियम वर्षभर एकच असावा. देखावा मांडणाऱ्याचे नाव त्यावर असावे, म्हणजे तो संस्थेचा आहे असा समज होणार नाही. मुदत संपली की जागा मोकळी. आणि नकार द्यायचाच असेल, तर जे कारण एकाला सांगितले तेच दुसऱ्यालाही सांगता यावे.

२९) हे मत लिहिणे मला सोपे नाही, कारण माझा देखावा कधीच नाकारला गेला नाही. बहुसंख्याकाला परवानगीचा कागद दिसत नाही, तो त्याच्यासाठी आधीच सही झालेला असतो. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. नातेपुत्याचा तळ रिकामा पडला. रस्ता आपल्याला नाकारला जाणे म्हणजे काय, याची पुसटशी चव आम्हाला तेव्हा लागली. कारण योग्य होते, तरी आजीने दोन दिवस चुलीकडे पाहिले नाही.

३०) शेवटी वारीतलीच एक रीत सांगतो. मुक्कामी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसांचा तळ निःशब्द होतो. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती आपले टाळ थांबवत नाही. ते वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचे निराकरण होते आणि त्यानंतरच आरती.

३१) एका दिंडीचा टाळ वाजतो आहे म्हणून कोणी तिला सोहळ्याची शत्रू म्हणत नाही. तिचे ऐकून घेईपर्यंत सगळा तळ थांबतो. हे आम्हाला कोणत्याही न्यायालयाने शिकवलेले नाही.

३२) माझ्या मैत्रिणीने तो तारा अखेर वसतिगृहातल्या आपल्या खिडकीत टांगला, रस्त्याच्या बाजूने. आम्ही गणपतीचे कार्यकर्ते खालून पाहत होतो. तो अर्ज तिच्याबरोबर आम्हीही सही करून द्यायला हवा होता, हे तेव्हा सुचले नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांना सुचावे, म्हणून हा धागा.

धागा समाप्त. तुमच्या गावात रस्त्याकडेला जुना क्रूस, पीर, पार किंवा दीपमाळ असेल, तर तिची गोष्ट खाली लिहा. ऐकीव आणि कागदावरची, दोन्ही. पण कोणती कुठली ते सांगून.